डिफ्युजन एमआरआय: वेळ, रिझोल्यूशन आणि इमेजचा दर्जा यांच्या भांडणाची पार्श्वभूमी

'व्हॉक्सेल (चित्राचा सगळ्यात छोटा ठोकळा) दोन मिलिमीटरच ठेवा', 'छे, दीड करा' ही वादावादी डिफ्युजन स्कॅन (पाण्याच्या रेणूंच्या हालचालीवरून चित्र काढणारा एमआरआय) लावणाऱ्या कुणालाही नवी नाही, मशीन पणजीत असो की पुण्यात. पण सुरुवातीला हा वादच नव्हता, कारण निवडायला काही नव्हतंच.

पाण्याचे रेणू भटकतात म्हणून सिग्नल पडतो हे १९५० मध्येच लक्षात आलेलं, १९६५ मध्ये दोन ग्रेडियंट पल्स (चुंबकीय क्षेत्राला क्षणभर दिलेला उतार) लावून ते नीट मोजायची पद्धत निघाली, आणि १९८० च्या दशकाच्या मध्याला माणसाच्या मेंदूची पहिली डिफ्युजन चित्रं आली. ती ओळ ओळ करत गोळा व्हायची, आणि पद्धतच मुळात मायक्रॉनमधली हालचाल पकडणारी, त्यामुळे नाडीच्या ठोक्याने मेंदू जरासा हलला तरी चित्रभर भुतं, म्हणजे खोट्या सावल्या.

यातून सोडवलं ते ईपीआयने (इको प्लॅनर इमेजिंग, एका दमात चित्र वाचायची पद्धत). कल्पना १९७७ ची, पण तेवढे दमदार ग्रेडियंट हॉस्पिटलच्या रोजच्या मशीनवर यायला १९९० चं दशक उजाडलं. आख्खी स्लाइस (मेंदूचा एक काप) सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे हलायला फुरसतच नाही. (आवाजाचं विचारू नका, एक पेशंट आजी बाहेर येऊन म्हणाली, चवथीची आरती रंगात आली आणि मी घुमटाच्या (आरतीला वाजवतात ते गोव्याचं मातीचं वाद्य) आत बसलेली.) बदल्यात सायनसजवळ आणि कानाच्या हाडापाशी चित्र ताणलं जायला लागलं, ते दुखणं अजून आहे.

त्याच सुमारास, १९९० मध्ये, मांजरांवरच्या प्रयोगांत दिसलं की मेंदूचा रक्तपुरवठा तुटल्यावर तासाभराच्या आत डिफ्युजनवर डाग उजळतो, नेहमीचं टी-टू चित्र तेव्हा अजून साफ असतं. मग स्ट्रोकसाठी एक सेटिंग रुळत गेलं: बी व्हॅल्यू (डिफ्युजनचा परिणाम किती जोरात दाखवायचा तो आकडा) १०००, हालचाल तीन दिशांना मोजायची, ५ मिलिमीटरच्या जाड स्लाइस, एक-दोन मिनिटांत काम खलास. माझ्या मते आजवरची सगळ्यात शहाणी तडजोड हीच, कारण डॉक्टरला नेमकं काय हवंय (डाग ताजा की जुना) तिथून ती ठरली. १९९४ मध्ये टेन्सर (पाणी कुठल्या दिशेला किती सहज हलतं त्याचं गणित) आला, त्याला कमीत कमी सहा दिशा लागतात, लोकांनी तीस केल्या, साठ केल्या, आणि घड्याळ परत पुढे पळायला लागलं.

आता खरा घोळ, 'रिझोल्यूशन' हा शब्द. एकच शब्द, आणि चार लोक चार गोष्टींसाठी वापरतात. समजा २३० मिलिमीटरचा भाग १२८ बाय १२८ च्या मॅट्रिक्सने (चौकटींच्या जाळीने) घेतला, तर खरा व्हॉक्सेल साधारण १.८ मिलिमीटर. मशीन त्यात शून्यं भरून २५६ करून दाखवतं, स्क्रीनवर ०.९. नवीन माहिती काही नाही, फक्त कडा गुळगुळीत. वर ईपीआयमध्ये वाचता वाचताच सिग्नल विझत जातो, म्हणून चित्र त्या १.८ पेक्षाही थोडं पसरट येतं, ते तर कुठेच लिहिलेलं नसतं. आणि ट्रॅक्ट (मेंदूतल्या तंतूंचे जुडगे) काढणारे रिझोल्यूशन म्हणतात तेव्हा कधी कधी त्यांना दिशांची संख्या म्हणायची असते! सुरुवातीच्या दिवसांत एका सेंटरच्या सीडीवर (नाव नको) ०.९ बघून मी दोन दिवस लोकांना सांगत फिरलो काय मशीन आणलंय म्हणून, मग हेडर (फाइलमधली स्कॅनची नोंद) उघडला तर १२८.

हे इतकं ताणून सांगायचं कारण, किंमत खऱ्या व्हॉक्सेलची मोजावी लागते. सिग्नल व्हॉक्सेलच्या घनफळाप्रमाणे घटतो, पण जास्त वेळ स्कॅन केल्याचा फायदा मात्र वर्गमुळाने मिळतो. २ मिलिमीटरचा १ केला की सिग्नल आठवा हिस्सा, आणि तेवढाच दर्जा परत आणायला ६४ पट वेळ. पाच मिनिटांचा स्कॅन पाच तासांच्या वर. कोण झोपणार?

२०१० च्या दशकातले दोन मोठे प्रकल्प इथेच वेगळे झाले. अमेरिकेतल्या एकाने तरुण, धडधाकट लोक घेतले, खास दणकट ग्रेडियंट बसवले, १.२५ मिलिमीटर, बी १०००, २००० आणि ३०००, प्रत्येकी ९० दिशा, जवळजवळ तासभर. ब्रिटनमधल्या दुसऱ्याला हजारो मध्यमवयीन आणि म्हातारी माणसं रांगेत उरकायची होती, त्यांनी २ मिलिमीटर, बी १००० आणि २०००, प्रत्येकी ५० दिशा घेऊन सात मिनिटांत आटपलं. दोघांनीही तीन स्लाइस एकदम उचलायची मल्टिबँडची युक्ती वापरली, ती नसती तर दोन्ही बेत बारगळले असते. पहिल्याची चित्रं देखणी आहेत, वाद नाही. पण साध्या मशीनवर त्यांचं बघून १.२५ लावणारे एक विसरतात, बी वाढवली की टीई (सिग्नल वाचेपर्यंतचा वेळ) लांबतो, सिग्नल आणखी पडतो, आणि तो नॉईजच्या तळाला टेकला की त्याच्या खाली आकडा जातच नाही. मग एडीसी (पाणी किती हलतं तो मोजलेला आकडा) खोटाच कमी येतो, आणि अशा इमेज कितीही अ‍ॅव्हरेज करा, तळ हलत नाही.

बाकीच्या सवलती पटापट आल्या. १९९९ आणि २००२ मध्ये पॅरलल इमेजिंगच्या (अनेक कॉइलनी एकदम सिग्नल उचलायच्या) दोन पद्धती, त्यामुळे चित्राचं ताणलं जाणं कमी झालं. पुढे तुकड्या-तुकड्याने वाचायची ईपीआय, चित्र नेटकं पण वेळ जास्त. २०१६ च्या आसपास दिशांमधली पुनरावृत्ती ओळखून नॉईज वेगळा काढणारं डिनॉइझिंग, आणि आता डीप लर्निंगवाले, ज्यांची चित्रं इतकी गुळगुळीत असतात की मला जरा भीतीच वाटते, बारीक डाग पुसला गेला तर कळणार कसं.

आणि इतकं सगळं हाताशी असून माझ्या कन्सोलवर अजून २ मिलिमीटरच आहे. वाळपईहून पहाटेच्या कदंबा बसने आलेले बाबा आत सात मिनिटं शांत पडतात, बाराव्या मिनिटाला नाक खाजवायला हात वर नेतात.