खेळाचा क्लास वेगळा, मुलांना हलतं ठेवणारा उपक्रम वेगळा

"मुलांच्या आरोग्यासाठी आम्ही उपक्रम सुरू केलाय" असं कुणी सांगितलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: निवड चाचणी आहे का? असली, तर तो खेळाचा क्लास. उत्तम असेलही, पण त्याच्या फलकावर 'सर्व मुलांसाठी' लिहिलेलं पाहिलं की माझी चिडचिड होते.

क्लास काय असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. एक खेळ, एक प्रशिक्षक, सराव, सामने. ज्याला गती आहे ते मूल पुढे जातं, बाकीची हळूहळू गळतात. खेळाडू घडवायचे तर हे चालायचंच.

उपक्रमाचं काम निराळं. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस अशी आहे: ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी आठवड्याच्या सरासरीनं रोज ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल करावी आणि निदान ३ दिवस हाडं-स्नायू बळकट करणारं काही करावं. ती हालचाल म्हणजे एखादा खेळच असावा, अशी अट नाही. भरभर चालणं, सायकल, नाच, पकडापकडी, सगळं धरलं जातं. तरीही ११ ते १७ वयोगटातली जगातली दर ५ पैकी ४ मुलं तेवढंही करत नाहीत. उपक्रम त्यांच्यासाठी असतो, आणि नेमकी हीच मुलं निवड चाचणीच्या वाटेला जात नाहीत.

घोळ होतो तो पुढे. लोकांना वाटतं, फरक स्पर्धेचा आहे. बक्षिसं बंद केली, गुण लिहिणं थांबवलं की क्लासचा उपक्रम झाला! तसं नसतं. फरक आहे तो आखणी करताना कुठल्या मुलाकडे पाहिलं यात. क्लास सगळ्यात पुढच्या मुलाकडे पाहून आखतात. उपक्रम आखायचा तो सगळ्यात मागे राहणाऱ्या, कोपऱ्यात बुटाची लेस बांधत वेळ काढणाऱ्या मुलाकडे पाहून.

हे एकदा मानलं की अख्खा तास बदलतो. समजा वीस मुलं रांगेत आहेत, चेंडू एकच आणि प्रत्येकाची पाळी अर्ध्या मिनिटाची. म्हणजे दहा मिनिटांनी एकदा पाळी, तासात सहा वेळा, एकूण हालचाल तीन मिनिटं. कौशल्य शिकवायला अशी रांग कधी लागतेही. पण घरी मात्र 'आज तासभर खेळून आला' अशी नोंद होते. उपक्रमात चेंडू दहा हवेत आणि रांग नको.

'बाद' होण्याचे खेळ तर मी सरळ काढून टाकावेत या मताचा आहे. जो सगळ्यात कमी हलतो तो पहिल्या मिनिटाला बाद होतो आणि उरलेला वेळ बसून दुसऱ्यांना पाहतो. म्हणजे ज्याच्यासाठी हा घाट घातला, त्यालाच बसवलं.

चांगली उदाहरणं आहेत. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या एका शाळेत २०१२ साली मुख्याध्यापिका एलेन वायली यांनी 'डेली माइल' सुरू केला. रोज १५ मिनिटं बाहेर जायचं. धावा, रमतगमत पळा, दमलात तर चाला. वेगळे कपडे नाहीत, साहित्य नाही, क्रमांक नाहीत. कपडे बदलण्यात वेळ जात नाही, ही मला यातली सगळ्यात हुशारीची गोष्ट वाटते.

४ ते १४ वर्षांच्या मुलांसाठीच्या 'ज्युनियर पार्करन' या धावण्याच्या उपक्रमात मात्र २ किलोमीटरसाठी प्रत्येकाची वेळ नोंदवली जाते. मग तो क्लास का नाही? कारण निवड नाही, शुल्क नाही, आणि मोठा स्वयंसेवक मुद्दाम सगळ्यांच्या मागून येतो. शेवटचा क्रमांक त्याचा. मुलाचा कधीच नाही. घड्याळ असूनही आखणी मागच्या मुलासाठीच झालेली आहे.

आहार, झोप, स्क्रीन यांच्यात फारसा गोंधळ नाही. क्लास याबद्दल बहुधा बोलत नाही, उपक्रमानं बोलावं. फक्त भाषणं नकोत. पाच वर्षांखालच्यांना मोठ्या मुलांचा ६० मिनिटांचा नियम लावू नका. १ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी दिवसभरात मिळून १८० मिनिटांची हालचाल सांगितली आहे, आणि ती बरीचशी बागडण्यातच होते.

उशीर झाला म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावणं दोन्हीकडे बंद व्हावं. धावणं ही शिक्षा ठरली की मूल ते आपणहून कशाला करेल?

आणि सर्वांसमोर वजनकाटा ठेवू नका. वाढत्या मुलाचं वजन वाढणारच. वय आणि उंचीशी ताडून पाहिल्याशिवाय त्या आकड्यावरून काही ठरवता येत नाही, मुलाला लाज मात्र वाटते. मोजायचंच असेल तर हजेरी मोजा. पहिल्या आठवड्यात जी मुलं मागे होती, त्यांतली सहा महिन्यांनी किती येताहेत ते पाहा.