थीम वेगळी, डेकोरेशन वेगळं: वाढदिवसाआधी हे दोन हिशेब सुटे करा

डेकोरेशनवाल्याला फोन लावला की त्याचा पहिला प्रश्न असतो, "थीम कुठली?" आपण म्हणतो, "जंगल." तो व्हॉट्सअ‍ॅपवर चार फोटो पाठवतो, त्यातला एक आपण पसंत करतो, अ‍ॅडव्हान्स देतो आणि थीम ठरली असं समजून मोकळे होतो. खरं तर ठरलेलं असतं ते फक्त डेकोरेशन: फुगे कुठल्या रंगाचे, पडदा कसला, कटआउट कुणाचे. वाढदिवसाच्या संध्याकाळी पंधरा मुलं येतात, हिरव्या पडद्यापुढे दहा मिनिटं फोटो होतात, आणि मग मुलं सोफ्यावरून उड्या मारायला लागतात. जंगलात आल्यावर करायचं काय, हे कुणी ठरवलेलंच नसतं.

मुलं त्या दोन तासांत काय खेळणार, काय खाणार, हातात काय घेऊन घरी जाणार, हे सगळं एका धाग्यात आणते ती थीम. दारातून आत आल्यावर डोळ्यांना दिसतं ते डेकोरेशन. थीम मुलाकडे बघून ठरवायची असते, तर डेकोरेशन भिंत, पंखा, हवा आणि खिसा बघून. शंका आली तर मनातल्या मनात सगळे फुगे आणि पडदा काढून टाका. तरीही आज कसला खेळ आहे हे मुलांना कळेल का? कळणार असेल तर तुमच्याकडे थीम आहे. नसेल तर नुसतं डेकोरेशन आहे.

नुसतं डेकोरेशन असण्यात काही कमीपणा नाही. पहिल्या वाढदिवसाला तर तेवढंच पुरे. वर्षाच्या बाळाला थीम कळत नाही, आणि मोठा आवाज, अंधार, तोंडावर येणारे अनोळखी चेहरे यांनी ते रडतं. तेव्हा दोन रंग ठरवा, एक कोपरा सजवा, बाळाच्या झोपेची वेळ टाळून औक्षण आणि केक उरका. मुलांना करायला काहीतरी लागतं ते साधारण तिसऱ्या वर्षापासून. पाच-सहा वर्षांचं मूल स्वतःच थीम सांगतं, आणि ती न पाळल्यास ते विसरतही नाही.

तीन-चार वर्षांच्या मुलाला "तुला काय आवडतं?" असं विचारू नका. शेवटचं जे पाहिलं असेल तेच ते सांगेल. त्यापेक्षा आठवडाभर त्याचा खेळ बघा. गाड्या रांगेत लावतं का, भातुकलीत चहा करतं का, मुंग्यांच्या मागे जातं का? त्यातले दोन पर्याय काढा, दोन चित्रं दाखवा, आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा तीच दाखवा. दोन्ही वेळा एकाच चित्रावर बोट गेलं की थीम ठरली.

आणि पात्राऐवजी विषय निवडा, असं आमचं ठाम मत आहे. एखाद्या कार्टूनचं वेड तीन आठवड्यांत उतरू शकतं, आणि तोवर केकवर, बॅनरवर, पिशव्यांवर तोच चेहरा छापून झालेला असतो. विषय घेतला तर आवडतं पात्र त्यात कुठेतरी बसवता येतं. गाड्यांच्या थीममध्ये कुठलीही गाडी चालते. पात्राचा मोठा मुखवटा घातलेला माणूस बोलवायचा विचार असेल तर तीन वर्षांच्या आतली बहुतेक मुलं त्याला घाबरतात, हे धरून चाला.

एकच रेल्वे, दोन तऱ्हांनी

सांगली-मिरजेच्या मुलाला रेल्वे नवी नाही. मिरज जंक्शनवर एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही रुंदींचे रूळ होते. म्हणून इथे उदाहरण रेल्वेचंच घेऊ.

रेल्वेचं डेकोरेशन म्हणजे इंजिनाचं कटआउट, लाल-काळे फुगे, "हॅपी बर्थडे एक्स्प्रेस" असा बॅनर. अर्ध्या दिवसात उभं राहतं, फोटो छान येतात, आणि तिथे ते संपतं.

रेल्वेची थीम करायची तर दारातच प्रत्येक मुलाला जाड पुठ्ठ्याचं तिकीट द्या, वर मुलाचं नाव आणि "सांगली ते कराड". एक आत्या टीसी होईल. तिच्या हातात ऑफिसातलं साधं पंचिंग मशीन हवं, कारण तिकिटाला भोक पाडून घेणं मुलांना फार आवडतं. मामा गार्ड, शिट्टी आणि हिरवा झेंडा त्याच्याकडे. गाडीसाठी सुती दोर घ्या, नायलॉनचा नको, ओढाताणीत तळहात सोलतात. दर दोन फुटांवर एक गाठ, एका गाठीला एक मूल. आठ मुलांच्या गाडीला सहा मीटर दोर पुरतो. दोर हातातच धरायचा, कुणाच्याही कमरेला किंवा गळ्यात बांधायचा नाही. मुलं दहापेक्षा जास्त असतील तर दोन गाड्या करा, कारण लांब गाडीत मागची मुलं फरफटतात आणि पुढची रुसतात. फरशीवर रूळ आखायला कागदी मास्किंग टेप वापरा. साध्या चिकटपट्टीचा गोंद उन्हाळ्यात फरशीलाच राहतो आणि रॉकेलशिवाय निघत नाही.

आता स्टेशनं. सांगलीहून सुटलेली गाडी भिलवडी, किर्लोस्करवाडी, ताकारी करत कराडला जाते, आणि प्रत्येक स्टेशनला करायला काहीतरी आयतंच आहे. भिलवडी दुधाचं गाव, तिथे अर्धा पेला थंड मसाला दूध. किर्लोस्करवाडी १९१० पासून कारखान्याची वाडी, तिथे मोठे ठोकळे जोडून यंत्र बनवायचं. तीन वर्षांच्या मुलांना मोठे ठोकळेच द्या, तोंडात जाईल असा एकही भाग नको. ताकारीला उपसा सिंचन, म्हणजे खालचं पाणी वर उचलून शेताला देणं: खालच्या घमेल्यातलं पाणी स्पंजने उचलून स्टुलावरच्या बादलीत पिळायचं. हा खेळ हमखास रंगतो आणि हमखास फरशी ओली करतो. तेव्हा तो गॅलरीत किंवा गच्चीवर ठेवा आणि खाली गोणपाट अंथरा. प्लास्टिकची ताडपत्री अंथराल तर तिच्यावरूनच मुलं घसरतील. शेवटी कराड, कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम. एका तांब्यात निळं पाणी, दुसऱ्यात पिवळं, आणि पारदर्शक भांड्यात दोन्ही एकदम ओतायची. हिरवा रंग उमटला की मुलं पुन्हा पुन्हा करायला मागतात, म्हणून दोन्ही पाणी भरपूर ठेवा. लिटरभर पाण्याला खायच्या रंगाचे चार-पाच थेंब पुरतात. जास्त टाकाल तर नव्या कपड्यांवर डाग पडतात.

एका स्टेशनला सात-आठ मिनिटं, मधल्या फेऱ्या धरून पाऊण तास. चार वर्षांखालच्या मुलांकडून यापेक्षा जास्त वेळाची अपेक्षा ठेवू नका. आणि बाद होण्याचे खेळ टाळा. संगीत खुर्चीत पहिल्या मिनिटाला बाद झालेलं मूल उरलेला वेळ रडण्यात घालवतं. मुलं पाच-सहा वर्षांची असतील तर कराडऐवजी गाडी पूर्वेकडे वळवून लातूरला न्या. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची "जलदूत" गाडी दुष्काळी लातूरला गेली होती. ती गोष्ट सांगा आणि एकही थेंब न सांडता पेल्यातलं पाणी पोचवायला लावा. या वयाला गोष्ट कळते, आणि तिच्यामुळे मुलं खेळ मनापासून खेळतात.

या सगळ्यात कटआउटची गरज कुठेच पडली नाही. भिंतीवर एक मोठं पाटीवजा "सांगली", पिवळ्या कागदावर काळी अक्षरं, एवढं डेकोरेशन थीमला पुरतं.

डेकोरेशनचा हिशेब

डेकोरेशन भिंतीपासून सुरू होतं. आधी भिंत मोजा, फोटो नंतर बघा. आपल्या घरांत हॉलची मोकळी भिंत बहुधा आठ ते दहा फूट असते. तिला दहा फुटांची अर्धी कमान शोभते. त्यासाठी दहा इंची साठ-सत्तर फुगे, पाच इंची तीसेक आणि अठरा इंची पाच-सहा लागतात. रंग तीनच घ्या. वर वीस फुगे जास्तीचे ठेवा, फुटतातच. विजेच्या पंपावर दोघांना दोन तास लागतात, तोंडाने फुगवायच्या फंदात पडू नका.

दहा इंची फुगा नऊ इंचांपर्यंतच फुगवा. पुठ्ठ्याला नऊ इंचांचं भोक पाडून त्यातून मापला की सगळे एकसारखे होतात. रात्री गच्च फुगवलेला फुगा एप्रिलच्या दुपारी आतली हवा तापून फुगतो आणि फुटतो. गडद रंगाचे आधी जातात. उन्हात फुग्याच्या रबराची (लेटेक्सची) चकाकीही तास-दोन तासांत मरते, फुगा धुरकट दिसतो.

गच्चीवर करणार असाल तर एप्रिल-मेमध्ये वळीव लक्षात ठेवा. दुपारभर तापलं की संध्याकाळी पाचच्या सुमाराला वारा सुटतो आणि कमान सरळ शेजारच्या गच्चीवर जाते. स्टँडच्या दोन्ही पायांवर वाळूच्या पिशव्या ठेवा, आणि खाली हॉलमध्ये पर्यायी कोपरा मोकळा ठेवा. जून ते सप्टेंबर गच्चीचा विचारच नको.

घरातला अडथळा पंख्याचा असतो. छतावरून रिबिनी सोडल्या की पंखा बंद ठेवावा लागतो, आणि मग पंधरा मुलं आणि वीस मोठी माणसं घामाघूम होतात. छत मोकळं सोडा, डेकोरेशन भिंतीवर ठेवा. डिस्टेंपरच्या भिंतीला टेप लावली की रंगाचे पापुद्रे निघतात. त्यासाठी पडद्याच्या पाइपला दोरा बांधा किंवा सुटा स्टँड मागा. सजवलेली भिंत खिडकीसमोर हवी. खिडकीच मागे आली तर फोटोत सगळ्यांचे चेहरे काळे येतात.

आगीबाबत मात्र जराही ढील नको. चमकी झालरीचा पडदा आणि फुग्यांची कमान निरांजनापासून निदान तीन फूट लांब ठेवा. औक्षण कमानीच्या पुढे पाट सरकवून करा. हवेत तरंगणारे फुगे हवे असतील तर हीलियमचेच आहेत ना, हे दुकानदाराला स्पष्ट विचारा. काही ठिकाणी हायड्रोजन भरतात आणि तो मेणबत्तीजवळ भडकतो. हीलियमचा साधा अकरा इंची फुगा बारा ते अठरा तासच तरंगतो, त्यामुळे तो त्याच दिवशी भरून आणा. मेणबत्ती विझून बाजूला ठेवेपर्यंत स्नो स्प्रेला हात लावायचा नाही. त्यातला वायू पेट घेतो, आणि फवारा नेमका मुलाच्या तोंडाजवळ असतो.

थर्माकोलची अक्षरं कुणी देऊ केली तर घेऊ नका. १ जुलै २०२२ पासून देशभर सजावटीचं थर्माकोल, फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या, प्लास्टिकच्या ताटल्या-पेले-चमचे आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर यांवर बंदी आहे. पुठ्ठ्याची अक्षरं तितकीच उठून दिसतात.

बॅनर छापायला देताना नावाचा प्रूफ मोबाइलवर मागवा. मोबाइलवरून पाठवलेला मजकूर फ्लेक्सच्या दुकानातल्या जुन्या फाँटमध्ये गेला की जोडाक्षरं फुटतात, आणि प्रज्ञेशचं नाव ओळखूच येत नाही. मुलाचं नाव चुकलेला बॅनर कुठल्याही डेकोरेशनने झाकत नाही.

केक आणि रिटर्न गिफ्ट या दोन गोष्टींत थीम आणि डेकोरेशनची सरमिसळ होते. एक किलोचा केक दहा-बारा जणांना पुरतो. त्यावर थीमची एक खूण बास: चॉकलेटचे दोन रूळ, वर एक छोटी गाडी. फाँडंटचा (वर साखरेच्या लगद्याचा थर असलेला) केक फ्रिजमधून काढला की दमट हवेत त्याला पाणी सुटतं, आणि गडद निळ्या-काळ्या क्रीमने मुलांची तोंडं आणि गणवेशापेक्षा महाग कपडे रंगतात. रिटर्न गिफ्ट थीमचंच द्या, पण कामाचं: शिट्टी आणि भोक पाडलेलं तिकीट, सोबत भडंगाची छोटी पुडी. मुलं तीन वर्षांखालची असतील तर शिट्टी आणि भडंग दोन्ही गाळून चित्रांचं जाड पानांचं पुस्तक ठेवा. पंधरा मुलं बोलावली असतील तर अठरा पिशव्या करा, धाकटी भावंडं येतातच.

क्रम असा ठेवा. तीन आठवडे आधी थीम आणि खेळ, कागदावर लिहून. दहा दिवस आधी डेकोरेशनवाला, आणि त्याला फोटो पाठवण्याऐवजी भिंतीचं माप, तीन रंग आणि पंखा चालू राहायला हवा हे सांगा. स्टँड त्याचा की आपला, तो किती वाजता येणार, उतरवायला कोण येणार, हेही तेव्हाच विचारा. कार्यक्रम पाचचा असेल तर त्याला दोनला बोलवा. केकची ऑर्डर तीन दिवस आधी. पैसे कमी पडत असतील तर कमान अर्धी करा, खेळांना हात लावू नका.

रात्री पाहुणे गेल्यावर फुटलेल्या फुग्यांचे तुकडे लगेच वेचा, सकाळवर ढकलू नका. सोफ्याखाली आणि पायपुसण्याखाली नीट बघा. रांगणारं बाळ घरात असेल तर तो रबराचा तुकडा सगळ्यात आधी त्याच्याच हाती लागतो, आणि घशात अडकला तर श्वास बंद करतो.