रकाना झाकला, आकडा उघडाच

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले काही चादरवाले आणि टॉवेलवाले मिळून एक विकी वापरतात, म्हणजे सगळ्यांना मिळून लिहिता-वाचता येणारं संकेतस्थळ. कोणत्या मागावर कोण, पाळी कुठली, सुट्टी कोणाची, हे सगळं एका तक्त्यात. त्याच तक्त्यात ‘उचल’ असाही एक रकाना होता. मालकाकडून कोणी आगाऊ किती पैसे घेतले, ते त्यात लिहिलेलं. कोणाच्या घरी लग्न निघालंय, कोणाच्या मागं दवाखाना लागलाय, हे त्या आकड्यावरून अख्ख्या वस्तीला कळतं. म्हणून तो रकाना कामगारांना दिसू नये असं ठरलं, आणि तो मी लपवला.

महिनाभरानं एका कामगाराची अकरावीतली मुलगी वडिलांची पाळी बघायला मोबाइलवर ते पान उघडून बसली. उचलीचा रकाना तिच्यासमोर सगळ्यांच्या नावांसकट उघडा होता.

चूक माझी होती. विकीवरचं पान म्हणजे मुळात साधा मजकूर असतो. तो सर्व्हरवरून, म्हणजे पान साठवलेल्या संगणकावरून, निघून वाचणाऱ्याच्या यंत्रात येतो आणि तिथला ब्राउझर तो मांडून दाखवतो. मी फक्त स्टाइलशीटमध्ये, म्हणजे पान कसं दिसावं हे सांगणाऱ्या फाइलमध्ये, ‘डिस्प्ले नन’ अशी सूचना घातली होती. तिचा अर्थ एवढाच, की हा भाग रंगवू नकोस. आकडे मात्र प्रत्येकाच्या यंत्रात पोचतच होते. संगणकावर कंट्रोल आणि यू दाबलं की पानाचा सोर्स, म्हणजे ब्राउझरकडे आलेला मूळ मजकूर, उघडतो, त्यात ते जसेच्या तसे होते. मोबाइलसाठी त्या विकीची स्टाइलशीट वेगळी. तिथं माझी सूचनाच नव्हती.

एका जुन्या विणकराला हे सांगायला मला चादरच लागली. सोलापुरी चादरीच्या दोन्ही अंगांना नक्षी असते, फक्त रंग उलटे. वरून जो धागा दिसत नाही तो खालच्या अंगाला आलेला असतो, कापडातून गेलेला नसतो. ते लगेच म्हणाले, ‘मग धागाच भरायचा नाही.’ सगळ्या विषयाचं सार त्यांनी चार शब्दांत सांगितलं.

दिसत नाही म्हणजे नाही, या समजुतीनं मोठमोठी माणसंही फसली आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलीस दलानं माहिती अधिकाराच्या एका अर्जाला एक्सेलच्या फाइलनं उत्तर दिलं. वरच्या शीटवर नुसती संख्या होती. खाली एक लपवलेली शीट तशीच राहून गेली होती, तिच्यात ९,४८३ अधिकारी-कर्मचाऱ्यांची आडनावं, आद्याक्षरं, हुद्दे आणि नेमणुकीची ठिकाणं होती. तिथं पोलिसात असणं शेजाऱ्यापासूनही जपावं लागतं. पुढं त्या दलाला साडेसात लाख पौंडांचा दंड झाला, पण बाहेर गेलेली नावं काही परत आली नाहीत.

विकीत आणखी एक अडचण आहे, आणि ती तिच्या गुणातूनच आली आहे. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिली विकी सुरू केली ती कोणालाही पटकन लिहिता यावं म्हणून. आज विकी म्हटलं की प्रत्येक बदलाची जुनी आवृत्ती ‘इतिहास’ या टॅबखाली राहते. त्यामुळे आज रकाना खोडला तरी कालचं पान एका क्लिकवर उघडतं. विकिपीडिया ज्या मीडियाविकी या प्रणालीवर चालतो, तिचे कर्तेच सांगतात की पानाचा काही भाग काहींनाच दाखवण्यासाठी हे बांधलेलं नाही.

खरी आडकाठी घालायची तर ती सर्व्हरवर, मजकूर निघण्याआधी. माहिती ओळी-रकान्यांत साठवणाऱ्या डेटाबेसमध्ये तशी सोय असते. पोस्टग्रेसक्यूएल नावाच्या डेटाबेसच्या ९.५ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून, ओळीओळीला नियम लावता येतो. कामगारानं विचारलं तर त्याच्या नावाची ओळ तेवढी बाहेर पडते, बाकीच्या निघतच नाहीत. रकान्यांवरही अशीच परवानगी ठेवता येते. मग सोर्स उघडा नाहीतर मोबाइल बदला, आलंच नाही ते सापडणार कुठून?

एवढं करूनही गणित चुगली करतं. समजा पाच जणांच्या उचलीची बेरीज खाली ४७,५०० दिसते आहे. चौघांचे आकडे उघडे आहेत, ते मिळून ३९,००० होतात, आणि पाचव्याची ओळ झाकलेली आहे. वजाबाकी तिसरीतलं पोरही करेल, ८,५००. म्हणून ओळ लपवली की बेरीजही लपवावी लागते, नाहीतर निदान दोन ओळी झाकाव्या लागतात. जनगणनेसारखे तक्ते छापणाऱ्या खात्यांना हा हिशेब रोजचा आहे. लहान गावातला, लहान गटातला आकडा ते यासाठीच गाळतात. आमच्या तक्त्यात तर नाव काढून चाललं नसतंच. माग क्रमांक आणि रात्रपाळी एवढं वाचून कारखान्यातला कोणीही माणूस ओळखतो.

शेवटी आम्ही डेटाबेसच्या वाटेला गेलो नाही. एवढ्याशा कामाला ते ओझं झालं असतं. पाळीचं पान कोरं करून नव्यानं लिहिलं. जुन्या पानातून कॉपी करताना उघडे रकाने तेवढे घेतले. जुनं पान काढून टाकलं, तरी काढलेलं पान व्यवस्थापकाला दिसतं, म्हणून व्यवस्थापकाचे अधिकार दोघांपुरते ठेवले. उचल आता मुनीमजींच्या वहीत आहे, आणि ज्याची त्याला ते तोंडी सांगतात.

ज्यांचे आकडे महिनाभर उघडे होते त्या अकरा जणांना मी पाळी सुटताना गाठलं आणि काय झालं ते सांगितलं. दोघं रागावले, आणि त्यांचा राग रास्त होता. एकानं विचारलं, ‘कोणी कोणी बघितलं ते कळेल का?’ त्या विकीत कोणी काय बदललं याची नोंद राहते, कोणी काय वाचलं याची नाही. तेही त्यांना तसंच सांगितलं. मग त्या मुलीच्याच मोबाइलवर नवं पान उघडून ‘उचल’ हा शब्द शोधला. एकदाही सापडला नाही. इतिहासात एकच नोंद होती, त्या दिवसाची.