चालवायची की जपायची? घरातल्या जुन्या बंदुकीची पार्श्वभूमी

खंडेनवमीला नाशिक जिल्ह्यातल्या जुन्या घरांत पाटावर काय काय मांडतात ते पाहण्यासारखे असते. पहार, कोयता, आईची विळी, ट्रॅक्टरची किल्ली, आणि द्राक्षाचे गाव असेल तर छाटणीच्या कात्र्या, कारण गोडी छाटणीचा हंगाम त्याच सुमारास असतो. आमच्या दिंडोरीकडच्या घरी या सगळ्यांच्या कडेला एक बाराबोरची दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची काडतुसाची बंदूक, आणि एक ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक ठेवतात. दरवर्षी घरातले कोणी तरी पोर विचारते, “काका, एकदा बार काढून बघू या ना?” लहानपणी मीही वडिलांना हेच विचारायचो. ते म्हणायचे, “म्हातारी झाली ती. बसू दे तिला.”

जुनी बंदूक चालवायची की नुसती जपायची, हा प्रश्न जगभरच्या संग्राहकांना पडतो. आपल्याकडे मात्र त्याचे उत्तर कोणाच्या हौसेवर ठरलेले नाही. वेढे, बंडे आणि कायदे यांनी ते ठरवत आणले आहे, आणि त्यातला बराचसा इतिहास आपल्या नाशिकच्या मातीत घडला आहे.

शहरापासून जेमतेम चौदा-पंधरा किलोमीटरवर रामशेज आहे. १६८२ मध्ये मोगलांनी त्याला वेढा घातला आणि हा लहानसा किल्ला पुढे काही वर्षे झुंजत राहिला. मोगल इतिहासकार खाफीखानाने लिहून ठेवले आहे की किल्ल्यावर लोखंडी तोफ नव्हती. तेव्हा आतल्या लोकांनी झाडांची खोडे पोखरून तोफा केल्या आणि चामड्याच्या जोरावर त्या डागल्या. अशी तोफ पुढच्या पिढीसाठी कोणी जपून ठेवत नसते. ती फुटेपर्यंत वापरायची आणि मग दुसरे झाड शोधायचे. हत्यार वापरून संपते, ही त्या काळची सरळ समजूत होती. म्हणूनच आज हाती असलेली प्रत्येक जुनी बंदूक ही कुठे तरी वापरायची राहून गेलेली, नाही तर कोणी मुद्दाम बाजूला ठेवलेली असते.

तेव्हाची हातातली बंदूक तोड्याची. तोडा म्हणजे शोऱ्यात भिजवलेली, मंद धुमसत राहणारी सुताची वात. चाप ओढला की ती वात कानाजवळच्या, म्हणजे नळीच्या मागच्या बारीक भोकाजवळच्या, रंजकावर (पेटवणाच्या दारूवर) टेकायची, रंजक पेटायचे आणि आतला बार उडायचा. युरोपात चकमकीच्या गारगोटीने ठिणगी पाडणारी बंदूक रुळल्यावरही आपल्याकडे तोडा टिकून राहिला. ती बंदूक स्वस्त होती आणि बिघडली तर गावचा लोहार नीट करू शकत होता. मग अलेक्झांडर फॉर्सिथ या स्कॉटिश पाद्र्याने १८०७ मध्ये आघाताने पेटणाऱ्या रसायनाच्या युक्तीचे पेटंट घेतले आणि त्यातून पुढे तांब्याच्या टोपीची बंदूक आली. तिला आपल्याकडे केपाची बंदूक म्हणतात. आमच्या घरची ठासणीची हीच. नळीच्या तोंडातून दारू, मग बोळा, मग छर्रे, गजाने ठासायचे, आणि मागे बोंडीवर केप बसवायचा.

इथे एक गोष्ट थांबून सांगायला हवी, कारण ती जिवाची आहे. ठासणीची बंदूक भरली की ती रिकामी करायचा सोपा मार्ग म्हणजे बार काढणे. त्यामुळे पूर्वीचे लोक भरलेली बंदूक तशीच खुंटीला लावून ठेवत. पन्नास-शंभर वर्षे माळ्यावर पडलेल्या बंदुकीत आजही बार भरलेला असू शकतो, आणि कोरडी राहिलेली काळी दारू इतक्या वर्षांनीही पेटते. गज नळीत अलगद सोडून तो तळापर्यंत जातो की मध्येच अडतो हे जाणकाराकडून तपासून घेतल्याखेरीज अशी बंदूक पोरांच्या हातात देऊ नये, शस्त्रपूजेच्या पाटावरही मांडू नये.

बंदूक घरातून कमी कशी झाली, तो भाग १८५७ पासून सुरू होतो. त्या ऑक्टोबरात सिन्नरजवळ नांदूर-शिंगोटे इथे भागोजी नाईकांच्या भिल्ल टोळीशी झालेल्या चकमकीत लेफ्टनंट हेन्री हा पोलीस अधिकारी मारला गेला. भागोजी त्यानंतर १८५९ पर्यंत सरकारला हुलकावणी देत राहिले. अशा उठावांनंतर देशभर हत्यारे गोळा करण्याचे हुकूम निघाले आणि १८७८ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला परवाना लागणार आणि युरोपियनाला सूट, असा तो उघड भेदभाव होता. काँग्रेसच्या अधिवेशनांतून त्याविरुद्ध वारंवार ठराव झाले. परवान्याच्या त्या कागदानेच बंदुकीला घराण्याच्या मानाची वस्तू करून टाकले. ज्या घरात ती राहिली, त्या घरावर सरकारचा विश्वास आहे असा त्याचा अर्थ लागू लागला. मला वाटते, पाटावर तिला मिळालेली जागा थोडी या काळाचीही देणगी आहे.

बोअरचा, म्हणजे नळीच्या आतल्या मापाचा, इतिहासही असाच राजकीय आहे, आणि तो संग्राहकाला ठाऊक असायलाच हवा. मार्टिनी-हेन्री या लष्करी रायफलीची काडतुसे बंडखोरांच्या हाती जाऊ नयेत म्हणून १९०७ च्या सुमारास इंग्रज सरकारने हिंदुस्थानात आणि सुदानात .४५० बोअरवर बंदी घातली. तेव्हा इंग्लंडच्या नामांकित कारखानदारांनी हिंदुस्थानातल्या शिकाऱ्यांसाठी .४६५, .४७० आणि .४७५ असे नवे बोअर काढले. मोठ्या शिकारी रायफलींच्या जगात आज ज्यांना मान आहे त्या काडतुसांचा जन्म असा आपल्या देशातल्या भीतीपोटी झाला. लष्करी बोअर सामान्य माणसाला नाही, हा नियम स्वातंत्र्यानंतरही राहिला. .३०३ निषिद्ध, म्हणून सरकारी कारखान्याची .३१५ ची रायफल; ९ मिलिमीटर निषिद्ध, म्हणून .३२ चे रिव्हॉल्व्हर.

नाशिककराला मात्र बंदूक म्हटले की आधी २१ डिसेंबर १९०९ आठवतो. विजयानंद नाट्यगृहात नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या जिल्हाधिकारी जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी ब्राउनिंग पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. लंडनहून सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुले पाठवल्याचा प्रकार त्या खटल्यांतून पुढे आला. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे आणि देशपांडे फासावर गेले. जुन्या बंदुकीचे मोल कशात असते हे मला या घटनेवरून कळते. ते मोल धातूत नसते, तिच्या हातून काय घडले त्यात असते. आणि ज्या बारामुळे एखादे हत्यार मोलाचे झाले, तो बार केव्हाच होऊन गेलेला असतो. आपण आज काढलेला बार त्यात काही भर घालत नाही. झीज मात्र करतो.

स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा १९५९ चा, १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झालेला. त्यातल्या कलम ४५ मध्ये एक सूट आहे: जुन्या पद्धतीचे, पुराणवस्तू म्हणून मोल असलेले किंवा मोडके हत्यार, जे दुरुस्त करून किंवा न करता बंदूक म्हणून वापरताच येणार नाही, त्याला हा कायदा लागू नाही. यातला ‘दुरुस्त करूनही’ हा भाग महत्त्वाचा. नुसता घोडा तुटला आहे म्हणून बंदूक सुटत नाही. त्यामुळे परवान्याच्या कटकटीतून सुटण्यासाठी कित्येकांनी नळीला भोके पाडून घेतली, कानात शिसे ओतले, वेल्डिंग मारले. दोनशे वर्षे सांभाळलेली वस्तू एका दुपारी भंगार झाली. याचे मला मनापासून वाईट वाटते. कायद्याने विचारले होते की ही बोलू शकते का, आणि लोकांनी तिची जीभच कापली.

बाहेरच्या देशांनी हाच प्रश्न वेगळा विचारला. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्याने वर्ष पाहिले: १८९८ किंवा त्याआधी घडवलेली बंदूक संघराज्याच्या कायद्याने बंदूकच धरली जात नाही. त्याच १९६८ साली इंग्लंडने मालकाचा हेतू पाहिला: पुराणवस्तू कुतूहलाची किंवा शोभेची म्हणून ठेवलीत तर सूट, चालवायची म्हणालात की सूट गेली. आपल्याकडे हेतूचा विचार फार उशिरा आला. फेब्रुवारी २०२० मध्ये गृह मंत्रालयाने अधिसूचना काढली, तिच्यानुसार ‘क्युरिओ’ (कुतूहलाची जुनी वस्तू) या वर्गातले लहान शस्त्र नुसते बाळगायला परवाना नको. पण ते वापरायचे, बरोबर न्यायचे किंवा कुठे हलवायचे असेल तर परवाना हवा, आणि परवान्यावर नोंद नसेल तर त्याच्यासाठी दारूगोळा मिळणार नाही. चालवणे आणि जपणे यांच्यामधली रेघ कायद्यानेच ओढून दिली. आपल्या घरातली वस्तू त्या वर्गात बसते का, हे मात्र स्वतः ठरवू नये. शहरात पोलीस आयुक्तालय आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालय यांच्याकडून लेखी घ्यावे.

मधली दोन-तीन वळणे थोडक्यात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा शौक संपला आणि हजारो चांगल्या रायफली कपाटात गेल्या. १९८० च्या दशकात परदेशी बंदूक आणण्याची वाट सामान्य परवानाधारकाला जवळजवळ बंद झाली, तेव्हा त्याच कपाटातल्या इंग्रजी बंदुकांच्या किमती चढल्या. आणि २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच बंदुका राहतील असे ठरले. वारसाहक्काने आलेल्यांनाही तीच मर्यादा आहे. मूळ विधेयकात तर एकच होती. लग्नात-वरातीत बार उडवणे हा स्वतंत्र गुन्हा झाला तोही याच दुरुस्तीत, आणि ते फार योग्य झाले.

आता खुद्द बंदुकीकडे. आमची दुनळी बर्मिंगहॅमची, एकोणिसाव्या शतकातली. तिच्या नळ्या दमास्कस पद्धतीच्या आहेत, म्हणजे लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, सळईभोवती गुंडाळून, तापवून जोडलेल्या. त्यामुळे नळीवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसते. या नळ्या काळ्या दारूसाठी घडवलेल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धूर न करणारी दारू आली. तिचा दाब वेगळा असतो. पिळाच्या जोडांमध्ये आत कुठे गंज शिरला असेल तर तो बाहेरून दिसत नाही, आणि आजच्या काडतुसाने अशी नळी डाव्या हाताजवळ फाटू शकते. शिवाय जुन्या इंग्रजी बाराबोरच्या नळीत काडतूस बसायचे घर बहुधा अडीच इंचाचे असते, तर आज पावणेतीन इंची काडतूस सर्रास मिळते. ते आत बसते, म्हणून माणूस फसतो. पण उडाल्यावर त्याचे तोंड उलगडायला पुढे जागा राहत नाही आणि दाब चढतो. बंदूक किती सोसेल हे नळीखालच्या परीक्षेच्या शिक्क्यांवरून कळते. इंग्लंडमध्ये लंडन आणि बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहात जादा भाराने उडवून पाहिल्याशिवाय नळी विकता येत नसे.

आमच्या दुनळीवरचे ते शिक्के आज नीट वाचता येत नाहीत. वीसेक वर्षांपूर्वी ती साफ करायला दिली, तर ज्याच्याकडे दिली त्याने पॉलिश पेपर मारून, चकचकीत करून परत आणली. नक्षी अर्धी गेली, शिक्के पुसट झाले. घरचे खूश झाले होते. मला त्या रात्री जेवण गेले नाही. तेव्हापासून मी सांगतो, न चालवणे म्हणजे जपणे नव्हे. जपण्याची स्वतंत्र रीत असते. गंजावर तेल लावून मऊ कापडाने पुसायचे, घासायचे नाही. लाकडाला जवसाचे तेल, तेही थेंबभर. चामड्याच्या म्यानात बंदूक ठेवायची नाही. चामडे ओल धरते आणि कमावताना वापरलेली द्रव्ये लोखंड खातात. आपल्याकडे त्र्यंबक-इगतपुरीच्या बाजूला पावसाळ्यात भिंतीला पाझर फुटतो, तिथे चार महिने दर पंधरा दिवसांनी पाहावेच लागते. आणि दसऱ्याला ओले कुंकू थेट नळीवर लावू नये. आमच्या ठासणीवर जिथे जिथे बोट टेकले जायचे तिथे गंजाचा ठिपका धरला आहे. आता कुंकू पाटाला लावतो.

चालवणाऱ्यांची बाजू मला परकी नाही. यंत्र हलले नाही की मरते, आणि ठासून, केप लावून, धुरात उभे राहिल्याशिवाय रामशेजवरच्या माणसाचे हात कसे चालत असतील ते कळणार नाही, असे ते म्हणतात. परदेशात ठासणीच्या बंदुकांच्या जागतिक स्पर्धा होतात. तिथे अस्सल जुन्या बंदुकांचा गट वेगळा आणि जुन्या नमुन्यावर नव्याने घडवलेल्यांचा वेगळा. नव्याने घडवलेली वापरणे मला पूर्ण मान्य आहे. पण अस्सल जुनी चालवायची तर त्याच दिवशी नळी पाण्याने धुऊन, वाळवून, तेल द्यावे लागते, कारण काळ्या दारूची राख हवेतली ओल ओढते. वर्षातून एकदा हौसेने बार काढणारा माणूस हे करत नाही.

आणि नेमबाजीची हौस भागवायला नाशिकमध्ये जागा कमी नाहीत. डॉ. मुंजे यांनी १९३७ मध्ये उभारलेल्या भोसला मिलिटरी स्कूलच्या आवारात पिढ्यान्‌पिढ्या पोरे रायफल धरायला शिकली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्य जिंकलेला कोल्हापूरकडचा स्वप्नील कुसाळे नेमबाजी शिकला तो नाशिकमध्येच. नाशिक रोडच्या तोफखाना संग्रहालयात जुन्या तोफा स्वस्थ उभ्या असतात आणि देवळालीच्या रेंजवर नव्या गडगडतात. दोघींचे काम वेगळे आहे, हे आपल्या गावाला रोज दिसते.

२०२० मध्ये आमच्याही घरी निवडायची वेळ आली. वडिलांच्या परवान्यावर तीन होत्या: दुनळी, ठासणीची आणि साठच्या दशकात पिकाच्या राखणीसाठी घेतलेली .३१५ ची रायफल. चुलतभाऊ म्हणाला, “दादा, चालणारी एकच आहे, ती कशी देतोस?” तिघांत तीच खरोखर कामाची होती, म्हणून तिची जागा दुसरी कोणतीही चांगली रायफल घेऊ शकत होती. ती परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केली. दुनळी आणि ठासणी घरी आहेत. पेटीत त्यांच्याबरोबर एक वही ठेवली आहे. तिच्यात कोणाकडून आली, कुठे वापरली, उरलेले शिक्के कोणते, शेवटचा बार कधी आणि कोणी काढला, हे वडिलांच्या तोंडून ऐकले तसे उतरवले आहे.