सेंतुम सेलास : शेतीवाडीतला रोमन मनोरा
(आमच्या पोर्तुगाल सहलीच्या प्रवाशांसाठी)

बेलमोंत गावाजवळ कोल्मियाल द तोर्रे इथे आपली बस थांबेल. हा थांबा आम्ही मुद्दाम ठेवला आहे. इथून घाईने निघू नका, एवढीच विनंती.

समोर उभा दिसेल तो सेंतुम सेलास : ग्रॅनाइटचा, सुमारे 12 मीटर उंच, छप्पर नसलेला मनोरा. पाहताक्षणी गढी वाटते. लोकांनीही त्याला कधी किल्ला म्हटलं, कधी तुरुंग. ‘सेंतुम सेलास’ म्हणजे शंभर कोठड्या; तेवढ्या कोठड्या इथे होत्या आणि संत कॉर्नेलियस इथे कैदेत होते, अशी दंतकथा आजही सांगतात. प्रत्यक्षात हे संत, म्हणजे पोप कॉर्नेलियस, यांना इटलीत, रोमजवळच्या एका बंदरात हद्दपार केलं होतं आणि 253 साली तिथेच त्यांचं निधन झालं.

1990च्या दशकात आजूबाजूला उत्खनन झालं आणि मनोऱ्याभोवती खोल्या, ओसऱ्या, चौक यांचे पाये उघडे पडले. म्हणजे हा एकटा बुरूज नव्हता. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ऐसपैस वाड्याचा तो मधला, सर्वांत उंच भाग होता. मालक लुसियस सेसिलियस नावाचा कथिलाचा व्यापारी असावा, असं अभ्यासक मानतात. या मुलखात कथिल मिळायचं, आणि तांब्यात कथिल घातल्याशिवाय कांसं होत नाही. त्यामुळे पैसा कुठून आला हे सहज कळतं. तिसऱ्या शतकात वाडा आगीत सापडला, पुन्हा उभा राहिला. मध्ययुगात तिथे संत कॉर्नेलियसचं छोटं प्रार्थनास्थळही होतं.

भिंतीच्या अगदी जवळ जा. दगड एका मापाचे नाहीत. काही अजस्र, काही हातभर. दारं-खिडक्याही लहानमोठ्या, आणि त्या सगळ्या बाजूंनी. आमच्या मते गढी नसल्याचा सर्वांत बोलका पुरावा हाच: शत्रूची भीती असलेला माणूस तळमजल्याला इतकी दारं ठेवत नाही. आत शिरून वर पाहिलंत तर थेट आकाश दिसेल. मजले केव्हाच गेले आहेत.

त्यानंतर बेलमोंतचा किल्ला. पोर्तुगीज दर्यावर्दी पेद्रो आल्वारिश काब्राल याच गावचा. 1500 साली ब्राझीलच्या किनाऱ्याला लागून त्याच वर्षी तो कालिकतला पोहोचला आणि तिथे तोफा डागल्या. आपल्या किनाऱ्याच्या इतिहासाशी या गावाचा संबंध आहे तो असा.

जमीन खडबडीत आहे, बूट घाला. उन्हाळ्यात टोपी आणि पाणी जवळ असू द्या. 1927पासून हे राष्ट्रीय स्मारक आहे. वाड्याच्या पायाच्या दगडांवर चढू नका, मुलांनाही चढू देऊ नका. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी आधी सांगितलं तर सोबत माणूस देऊ.