इंधनव्यवस्थापनातील चुका (उड्डाणप्रशिक्षण)

एका इंजिनाच्या हलक्या विमानावर उड्डाण शिकताना इंधन मोजणे, तपासणे, टाकी बदलणे आणि इंधन-हवेचे मिश्रण राखणे यांत होणाऱ्या चुका. त्यांचे दोन प्रकार आहेत. टाक्या खरोखर कोरड्या पडल्या तर ते इंधन संपणे. टाकीत इंधन असूनही इंजिनापर्यंत पोचले नाही तर ते इंधन तुटणे. शेतात उतरलेल्या विमानाचा एक पंख निम्मा भरलेला सापडतो, तो दुसरा प्रकार.

मोजणी : टाकीतल्या फ्लोटवर चालणारा काटा विमान कलले की डोलतो, म्हणून खरे माप डिपस्टिकचेच (टाकीत बुडवायची आखलेली काठी). ती त्याच मॉडेलची व त्याच टाकीसाठी आखलेली हवी आणि विमान सपाट जागी उभे हवे. सेसना १७२ उतारावर, सिलेक्टर (इंधन कोणत्या टाकीतून घ्यायचे ते ठरवणारी मूठ) ‘बोथ’वर, म्हणजे दोन्ही टाक्यांवर, ठेवून उभे केले, तर वरच्या पंखातले इंधन खालच्या पंखात ओघळते, त्यामुळे भरताना सिलेक्टर एका बाजूला ठेवतात. सेसना १५२च्या साध्या टाक्यांत २६ अमेरिकी गॅलन मावते, त्यातले वापरता येते २४.५, म्हणजे सुमारे ९३ लिटर. ताशी ६ गॅलन धरून चार तास निघतात खरे, पण सर्किटमध्ये (धावपट्टीभोवतीच्या सरावफेऱ्यांत) मिश्रण सतत रिच, म्हणजे जास्त इंधनाचे, असते आणि दर काही मिनिटांनी टेकऑफ होतो. तिथे क्रूझच्या (उंचीवरच्या सरळ प्रवासाच्या) तक्त्यातला आकडा लावू नये. उड्डाणानंतर पुन्हा डिप घेऊन त्या विमानाचा खरा ताशी खप काढावा. त्यात एककांचा घोळ असतो : टँकर लिटरमध्ये देतो, पुस्तिका गॅलनमध्ये बोलते, वजनाचा तक्ता पौंडांत. अ‍ॅव्हगॅसचा (विमानाच्या पेट्रोलचा) एक लिटर सुमारे ०.७२ किलोचा.

तपासणी : १००एलएल प्रतीचे अ‍ॅव्हगॅस निळे असते. पाणी जड, म्हणून टाकीच्या तळाशी बसते आणि ड्रेनमधून आधी तेच येते. नमुन्याच्या कपात निळ्याखाली बिनरंगी थर दिसला तर ओळखणे सोपे. फसवतो तो पूर्ण पाण्याने भरलेला कप : थरांमधली रेषच नसते आणि विद्यार्थी ‘स्वच्छ’ म्हणून मोकळा होतो. कप पांढऱ्या पृष्ठभागासमोर धरून रंग पाहावा. जेट इंधनाला रॉकेलचा वास येतो, बोटांना ते तेलकट लागते. डायमंड डीए४० पेट्रोल आणि डिझेल (जेट इंधनावर चालणारे) अशा दोन्ही इंजिनांत मिळते. भरणाऱ्याने झाकणाजवळची पाटी वाचलीच पाहिजे. झाकण नीट बसले नाही, तर पंखावरचा कमी दाब इंधन बाहेर ओढतो.

टाकी बदलणे : पायपर पीए-२८च्या सिलेक्टरला ‘बोथ’ नाही. साधारण अर्ध्या तासाने टाकी बदलायची : विद्युत पंप चालू, मग सिलेक्टर, मग दाबाचा काटा. टेकऑफच्या तोंडावर बदलू नये. नव्या टाकीकडून पुरवठा होत नसेल, तरी नळीत व कार्ब्युरेटरमध्ये उरलेल्या इंधनावर इंजिन विमान हवेत जाईपर्यंत चालते.

इंजिन बंद पडल्याचा सराव देताना शिक्षकाने इंधनझडप बंद करणे ही शिक्षकांच्या बाजूची चूक. हा सराव थ्रॉटल मागे घेऊन होतो. झडप उघडायला विसरली, किंवा उघडूनही इंजिन लगेच उचलले नाही, की सरावाचा खरा प्रसंग होतो.