बाळाला टर्की येते, व्यसन लागत नाही

बाळंतपणाला दोन दिवस होतात आणि बाळाचं रडणं बदलतं. आवाज वरच्या पट्टीत जातो, हातपाय थरथरतात, शिंकांवर शिंका येतात. भुकेनं तोंड इकडेतिकडे वळतं, पण दूध ओढायला जमत नाही. आईनं गरोदरपणात मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे हेरॉइनच्या व्यसनावरचं औषध, घेतलेलं असतं, डॉक्टरांनी दिलेलं, रोज, वेळेवर. पाळण्याशेजारचं कुणीतरी बोलून जातं, ‘पोटातूनच व्यसन घेऊन आलंय बिचारं.’ आई ते ऐकते, आणि पुढच्या तपासणीला यायचं की नाही याचा विचार तिच्या डोक्यात तिथंच सुरू होतो.

बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. दोन वेगळ्या गोष्टींना आपण एकच नाव देतो, त्याचा हा परिणाम. एक आहे शरीराला लागलेली सवय, पुस्तकी भाषेत शारीरिक अवलंबित्व. दुसरं आहे व्यसन.

सवयीचं आधी. एखादं रसायन रोज मिळत राहिलं की शरीर त्याला धरून आपला कारभार बसवतं. ते अचानक थांबलं की कारभार विस्कटतो: घाम, जुलाब, अंगदुखी, थरथर, झोप उडणं. गर्द, म्हणजे हेरॉइन, ओढणारे त्यालाच ‘टर्की’ म्हणतात. पण ही सवय फक्त नशेच्या पदार्थांचीच असते असं नाही. बरेच महिने स्टेरॉइड घेणाऱ्या दम्याच्या रुग्णाला ते एका दिवसात बंद करता येत नाही. रक्तदाबाच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्याही हळूहळूच कमी कराव्या लागतात. त्या रुग्णांना कुणी व्यसनी म्हणत नाही.

व्यसन म्हणजे वागण्यावरचा ताबा सुटणं. ओढ अनावर होते, थोडंच घेईन म्हणता म्हणता जास्त जातं, मुलं, काम, तब्येत सगळं हातातून निसटताना दिसत असतं आणि तरीही थांबता येत नाही. यात शरीराची टर्की असतेच असंही नाही. कोकेन बंद केल्यावर शरीर हेरॉइनसारखं पिळवटून निघत नाही, तरी कोकेनचं व्यसन माणसाला पुरतं गिळतं.

मला यातला फरक असा सांगायला आवडतो: सवय कळते पदार्थ थांबल्यावर, व्यसन कळतं पदार्थ हाताशी असताना. म्हणून समोर बसलेल्या बाईला ‘घेतलं नाही तर काय होतं?’ एवढंच विचारून भागत नाही. ‘घेतल्यावर दिवस कसा जातो?’ हेही विचारावं लागतं. औषधावर असलेली आई सांगते, सकाळी गोळी जिभेखाली ठेवते, विरघळेपर्यंत पाच-दहा मिनिटं बोलत नाही, मग मोठीची वेणी घालते, डबा भरते. गर्दच्या काळात तिचा तोच दिवस पुढची पुडी कुठून आणायची यातच संपायचा, कारण हेरॉइनचा असर काही तासांत उतरतो. मेथाडोनचा दिवसभर टिकतो, आणि डोस बसला की नशा न चढता टर्की थांबते. व्हिन्सेंट डोल आणि मेरी नायस्वांडर या अमेरिकी डॉक्टरांनी १९६५ साली हीच गोष्ट दाखवली होती. जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ मध्ये मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही दोन्ही औषधं अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली.

हा गोंधळ वैद्यकशास्त्रातही बराच काळ होता. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम या संहितेनं १९८७ पासून व्यसनालाच ‘अवलंबित्व’ म्हटलं. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत तो शब्द काढला. आता ११ निकष आहेत, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध घेणाऱ्याची टर्की किंवा वाढलेली सहनशक्ती (तोच परिणाम व्हायला जास्त मात्रा लागणं) त्यात मोजायची नाही, असं तिथं स्पष्ट लिहिलंय.

गरोदर बाईच्या बाबतीत मात्र हा नुसता शब्दांचा वाद राहत नाही. ‘बाळासाठी तरी गोळ्या सोड,’ असं घरचे म्हणतात, अगदी मायेनं म्हणतात. पण ओपिऑइड, म्हणजे अफूसारखा परिणाम करणारं हेरॉइन किंवा ही औषधं, एकदम तोडलं तर वेळेआधी कळा सुरू होण्याचा आणि बाळावर ताण येण्याचा धोका असतो, शिवाय बाई पुन्हा गर्दकडे वळण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी अशा गरोदर स्त्रियांसाठी औषध तोडण्यापेक्षा मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन चालू ठेवण्याची शिफारस केली.

शेवटच्या तिमाहीत आणखी एक गैरसमज ठरलेला. शरीरातलं रक्त वाढतं, मेथाडोन लवकर निचरून जातं, आणि तोच डोस पुरेनासा होतो. डॉक्टर तो वाढवतात किंवा दिवसातून दोनदा विभागून देतात. घरात लगेच कुजबुज, ‘बघ, हिचं वाढत चाललंय.’ वाढलेलं असतं ते पोट. त्या भीतीनं डोस कमी मागणारी बाई रात्री घामानं भिजून जागी राहते, आणि आईचा डोस जास्त म्हणून बाळाचा त्रास जास्त, असं सरळ गणितही नसतं.

दारूचं मात्र वेगळं आहे, आणि इथं चूक व्हायला नको. दारू बाळाला थेट इजा करते, तिचा कुठलाही डोस ‘चालू ठेवण्याचा’ नसतो. पण रोज भरपूर पिणाऱ्या बाईनं ती घरीच एका रात्रीत बंद करणंही धोक्याचं, फिट येऊन जीव जाऊ शकतो. झोपेच्या आणि शांत करणाऱ्या काही गोळ्यांचंही तसंच. या दोन्हींत दवाखाना हवाच.

उलट्या बाजूनंही फसगत होते. आठ-दहा दिवस दवाखान्यात राहून टर्की उतरते, चेहऱ्यावर तेज येतं आणि सगळे म्हणतात, ‘सुटली एकदाची!’ सुटली ती शरीराची सवय. व्यसन अजून तिथंच असतं, आणि शरीराची सहनशक्ती मात्र घसरलेली. आधीचीच मात्रा घेतली तर श्वास थांबू शकतो. मॅसॅच्युसेट्समधल्या एका अभ्यासात ओपिऑइडच्या अतिमात्रेचं प्रमाण गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत सर्वांत कमी, तर बाळंतपणानंतरच्या सातव्या ते बाराव्या महिन्यांत सर्वांत जास्त आढळलं. तोवर बाळाला बघायला येणाऱ्यांची वर्दळ संपलेली असते, तपासण्या संपलेल्या असतात, आणि आई रात्रभर एकटी जागत असते. आधार द्यायचाय? त्या महिन्यांत द्या. तिला व्यसनमुक्ती गटाच्या बैठकीला जाता यावं म्हणून दोन तास बाळ सांभाळा. उपचारकेंद्र शोधताना पहिला प्रश्न विचारा, आईबरोबर मूल राहू शकतं का? मूल हिरावलं जाईल या भीतीनं कितीतरी बायका दारापर्यंत येऊन परत फिरतात.

आता त्या पाळण्यातल्या बाळाकडे परत येते. त्याला हव्यास नाही, ते काही शोधायला जात नाही, त्याला व्यसन असूच शकत नाही. त्याला आहे ती टर्की, आणि ती उतरते. खोलीतला उजेड मंद करायचा, बोलणं हळू, बाळाला उघडं करून आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं आणि वरून दुपटं पांघरायचं. आई औषधावर स्थिर असेल, दुसरी कुठली नशा करत नसेल आणि डॉक्टरांनी दुसऱ्या कारणानं मनाई केली नसेल, तर अंगावरचं दूध पाजायचं, त्यानं त्रास कमीच होतो. एवढ्यानं भागलं नाही तर डॉक्टर मॉर्फिनचे थेंब देऊन ते हळूहळू उतरवतात.

थोड्या वेळानं थरथर मंदावते. एखादी शिंक येते, मूठ आईच्या गळ्याशी उघडते, आणि या खेपेला ते दूध ओढायला लागतं.